गोष्ट लावली का? मुलांना रोज वाचून दाखवण्याबद्दल संशोधन काय सांगतं आणि काय सांगत नाही



आज सुरुवात एका चुकीपासून करते. चूक माझीच आहे.

मागच्या वर्षी जूनमध्ये मी तासगावला ताईकडे गेले होते. तिचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा, अंगणवाडीत जाणारा. ताई दवाखान्यात नर्स आहे, ड्यूटी कधी दिवसाची तर कधी रात्रीची. दाजी सकाळपासून द्राक्षबागेत. मी पीएच.डी.चं कोर्सवर्क नुकतंच संपवलेलं, त्यामुळे शिकलेलं दुसऱ्याला सांगायची खुमखुमी भरपूर. रात्री जेवताना मी म्हणाले, "ज्या मुलांना घरी कुणी वाचून दाखवत नाही, त्यांच्या कानावर पाच वर्षांत दहा लाखांहून जास्त शब्द कमी पडतात. संशोधन झालंय यावर."

ताई तेव्हा काहीच बोलली नाही. नंतर भांडी विसळताना तिने एवढंच विचारलं, "चार वर्षं तर गेलीच की गं. आता काय करू मी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण खरं सांगायचं तर तो शोधनिबंध मी वाचलाच नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं एक चित्र तेवढं वाचलं होतं. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीने असा आकडा ताटावर फेकावा, याची लाज वाटली. कोल्हापूरला परत आल्यावर मूळ निबंध काढला. मग त्याच्या आधीचे काढले, मग नंतरचे. हा लेख त्या वाचनातून आलाय. घरात लहान मूल असेल तर तुम्हाला तो थेट उपयोगी पडेल. संशोधनाची तयारी करत असाल, तर एखादा लोकप्रिय दावा मुळापर्यंत जाऊन कसा तपासायचा, याचा हा एक सराव समजा.

दहा लाख शब्दांचा हिशेब

हा आकडा २०१९ चा आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जेसिका लोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला. त्यांनी कोलंबस शहरातल्या सार्वजनिक वाचनालयातून सर्वांत जास्त नेली जाणारी लहान मुलांची पुस्तकं घेतली, त्यांतले शब्द मोजले आणि घरी किती वेळा वाचून दाखवतात त्या संख्येने गुणले. पाच वर्षांपर्यंत कानावर पडणाऱ्या शब्दांचा अंदाज असा निघाला: जवळजवळ कधीच न वाचणाऱ्या घरात ४,६६२ शब्द, रोज एक पुस्तक वाचणाऱ्या घरात २,९६,६६० आणि रोज पाच पुस्तकं वाचणाऱ्या घरात १४,८३,३००.

आता नीट बघा. 'दहा लाखांची दरी' आहे ती रोज पाच पुस्तकं आणि शून्याच्या जवळपास, या दोन टोकांमधली. शिवाय हा गुणाकार आहे. कुठल्याही मुलाच्या घरी बसून कुणी शब्द मोजलेले नाहीत. संशोधकांनी ही रीत निबंधात उघड सांगितलीय, लपवलेलं काही नाही. लपलं ते पुढे पाठवताना, म्हणजे माझ्यासारख्यांच्या हातून.

दुसरं, कागद-पेन घेऊन एक साधा भागाकार करा. २,९६,६६० भागिले पाच वर्षांचे १,८२५ दिवस. उत्तर येतं दिवसाला साधारण १६३ शब्द. मोठ्याने, सावकाश वाचायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. म्हणजे ताईला सांगायचं वाक्य 'तू दहा लाख शब्द घालवलेस' हे नव्हतंच. ते 'दिवसाला दोन मिनिटांपासून सुरुवात होते' असं होतं. आकडे तेच, पण पहिल्या वाक्याने माणूस खचतो आणि दुसऱ्याने कामाला लागतो.

आणि कानावर पडलेला शब्द म्हणजे शिकलेला शब्द नव्हे, हेही इथेच लिहून ठेवा. या अभ्यासाने फक्त पहिल्याचा अंदाज केलाय.

एकच आकडा, दोन निष्कर्ष

आता थोडं मागे जाऊ. १९९४ मध्ये हॉलिस स्कारबरो आणि वांडा डोब्रिच यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. मुलांच्या भाषेत आणि वाचनात जो फरक दिसतो, त्यातला फार तर ८ टक्के फरक घरी वाचून दाखवण्याशी जोडता येतो, असं त्यांना दिसलं. त्यांचा सूर होता, 'एवढा गाजावाजा करण्याइतका हा संबंध मोठा नाही.'

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, आड्रियाना बस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ अभ्यासांचं मेटा-अ‍ॅनालिसिस केलं, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून एक सरासरी परिणाम काढला. त्यांचंही उत्तर ८ टक्क्यांच्याच आसपास आलं. पण त्यांचा सूर होता, 'वाचून दाखवण्याला भक्कम पाठबळ मिळालं.'

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा गोंधळले होते. आकडा एकच, मग भांडण कशाचं? भांडण आहे ते हा आकडा कशाशेजारी ठेवायचा याचं. मुलाच्या भाषेवर शेकडो गोष्टींचा प्रभाव असतो: आईवडिलांचं शिक्षण, घरातलं बोलणं, आरोग्य, शाळा. त्या गर्दीत एका साध्या सवयीशी ८ टक्के जोडले जाणं म्हणजे बरंच, असं कुणी म्हणेल. उरलेले ९२ टक्के दुसरीकडेच आहेत, असंही कुणी म्हणेल. दोघंही खोटं बोलत नाहीत. म्हणून निबंधाच्या शेवटचा निष्कर्ष वाचून थांबू नका. आकडा बघा, तो कशाशी ताडून पाहिलाय ते बघा, आणि मग स्वतः ठरवा.

यात आणखी एक खाच आहे. ज्या घरात रोज वाचून दाखवतात, ती घरं इतरही अनेक बाबतींत वेगळी असतात. पुस्तकं परवडतात, मोठ्यांना संध्याकाळी सवड असते, मुलाशी बोलणंही जास्त असतं. त्यामुळे नुसता सहसंबंध पाहून 'वाचून दाखवल्यामुळेच झालं' असं म्हणता येत नाही. त्यासाठी प्रयोग लागतो.

तुलना कुणाशी केली?

असे प्रयोग झालेत. २०१९ मध्येच क्लेअर नोबल आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यास एकत्र करून पाहिले. सरासरी परिणाम आला ०.१९४. ही संख्या कोरडी वाटते, म्हणून तिचं चित्र करू. प्रयोगात नसलेली १०० मुलं भाषेच्या गुणांप्रमाणे चढत्या क्रमाने रांगेत उभी आहेत असं समजा. वाचून दाखवलेल्या गटातलं मधलं मूल या रांगेत ५० व्या जागेऐवजी साधारण ५८ व्या जागेवर येतं. १९९५ च्या अभ्यासातला परिणाम ०.५९ होता. त्या हिशेबाने तेच मूल ७२ व्या जागेवर आलं असतं. म्हणजे परिणाम आहे, पण आधी वाटला होता त्यापेक्षा बराच लहान.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. यातल्या काही अभ्यासांत तुलनेच्या गटातल्या मुलांसाठी काहीच वेगळं केलेलं नव्हतं. काहींमध्ये मात्र त्या मुलांसोबतही मोठ्यांनी तेवढाच वेळ दुसऱ्या एखाद्या उपक्रमात घालवला होता. अशा तुलनेत परिणाम उरला फक्त ०.०२८. वरच्या रांगेत सांगायचं तर ५० वरून ५१.

इथे दोन घाईचे निष्कर्ष टाळले पाहिजेत. 'वाचून दाखवणं फुकट आहे' हा एक. 'हा अभ्यासच चुकीचा असेल' हा दुसरा. शांतपणे विचार केला तर तीन शक्यता दिसतात. एक, फायद्याचा मोठा वाटा पुस्तकाचा नसून माणसाने मुलाला दिलेल्या वेळेचा असू शकतो. दोन, असे प्रयोग बहुतेक वेळा काही आठवड्यांचेच असतात आणि सवयीचं फळ काही आठवड्यांत मोजता येईलच असं नाही. तीन, या अभ्यासांतली बहुसंख्य कुटुंबं पाश्चात्त्य देशांतली. तिथे तुलनेच्या गटातले पालकही घरी थोडंफार वाचतच असतात. जिथे घरात गोष्टीचं एकही पुस्तक नाही, अशा घरात काय होईल, हे त्यावरून थेट सांगता येत नाही.

पहिल्या शक्यतेला बळ देणारा एक जुना अभ्यास आहे. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या मध्यमवर्गीय कुटुंबांतली दोन-अडीच वर्षांची तिसेक मुलं घेतली. दोन्ही गटांतले पालक घरी पुस्तक वाचत होते. फरक एवढाच, की एका गटाच्या पालकांना मुलाला प्रश्न विचारायला, त्याच्या उत्तरात भर घालायला आणि त्याला बोलतं करायला शिकवलं होतं. एका महिन्यानंतर या गटातली मुलं बोलून व्यक्त होण्याच्या दोन चाचण्यांत ६ आणि ८.५ महिने पुढे होती. अभ्यास लहान आहे हे विसरायचं नाही. पण दिशा स्पष्ट आहे: पुस्तक मध्ये ठेवून मुलाशी बोलणं, हा यातला कामाचा भाग दिसतो.

सातारा-सांगलीत बघितलं तर

मग पुस्तक, वेळ आणि माणूस या तीन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात. योगायोग असा की आपल्याच दोन जिल्ह्यांत या तिन्हींची उदाहरणं आहेत.

पुस्तक: महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार ४ मे २०१७ ला 'पुस्तकांचं गाव' झालं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावात सुरुवातीला सुमारे २५ ठिकाणी, म्हणजे घरांत, देवळांत, शाळेत मिळून १५ हजारांच्या आसपास पुस्तकं ठेवली गेली. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतलेली. पण तिथे पुस्तकं विकली जातात, भिलारला कुणीही बसून फुकट वाचावं अशी सोय केली. पुढे ही योजना पलूस तालुक्यातल्या अंकलखोपलाही आली. भिलारने 'पुस्तक मिळत नाही' ही अडचण दूर केली. पण उघडलेलं पुस्तक आणि मांडीवर बसलेलं मूल यांच्या मध्ये अजून कुणीतरी लागतंच.

वेळ: कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. २०२२ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास या गावाने ठरवलं, की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास-वाचन करायचं आणि घरच्यांनी एकमेकांशी बोलायचं. ऊस पिकवणारं, साखर कारखान्यात कामाला जाणारं हे साधारण तीन हजार वस्तीचं गाव. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन सांगत होते. इथे नवीन पुस्तक आलं नाही. रोजचा दीड तास मोकळा झाला.

माणूस: फलटणला अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी आयुष्याचा मोठा काळ काढला. फलटणच्या लोकांच्या बोलण्यातले भेद हाच त्यांच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या १९७३ च्या पीएच.डी.चा विषय. पुढे त्यांनी तिथे प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. आपण पीएच.डी. करणाऱ्यांनी हे उदाहरण जपून ठेवावं. प्रबंध जिथल्या लोकांवर लिहिला, त्याच गावात राहून त्यांच्या मुलांना वाचायला शिकवण्याचं काम उभं करणारे संशोधक फार नसतात.

बर्नसन यांचा विषय आपल्या मुद्द्याला थेट भिडतो. आपल्याकडे घरात मूल 'आलतो, गेलतो, न्हाई' ऐकतं. पुस्तकात त्याला 'आलो होतो, गेलो होतो, नाही' भेटतं. इंग्रजीतही थोडं असंच आहे. जेसिका माँटॅग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १०० चित्रपुस्तकांची तुलना मोठी माणसं मुलांशी बोलतात त्या बोलण्याशी केली, तेव्हा पुस्तकांत वेगवेगळे शब्द जास्त आढळले. रोज ऐकलेली गोष्ट मुलाला पुस्तकातल्या मराठीची सवय लावू शकते, तीही त्याच्या घरच्या बोलीला एकदाही 'चूक' न म्हणता. पहिलीच्या वर्गात 'असं नाही बोलायचं' हे ऐकून गप्प बसलेली मुलं मी पाहिलीत. मीही त्यांतलीच एक होते.

सवय कशी लागते?

सप्टेंबरमध्ये मी पुन्हा तासगावला गेले. या वेळी आकडा नाही, चार चित्रपुस्तकं नेली. ताईला रोज जमणार नव्हतं, ते ड्यूटीचा तक्ता बघूनच कळत होतं. मी भाच्याच्या आजीला म्हणाले, "आजी, तुम्ही वाचून दाखवा की."

"मला कुठं गं वाचाया येतंय? चौथी शिकलेली मी."

"मग श्रावणात पोथी कोण वाचतं?"

"ती पोथी झाली. ही पोरांची पुस्तकं."

आजी दर श्रावणात 'हरिविजय' लावतात. शेजारच्या पाच-सात बायका ऐकायला येतात. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, दिवा लावला की सुरू आणि अध्याय संपला की बंद. कुठवर आलो ते कळावं म्हणून पोथीत मोरपीस. ज्या ओव्या वाचतात त्यांपुढे चित्रपुस्तकातली दोन ओळींची वाक्यं म्हणजे काहीच नाही. आपल्याकडे 'पोथी लावली' असं म्हणतात. तशीच गोष्ट लावायची, एवढंच मी सुचवलं.

सवयीच्या संशोधनात नेमकं हेच सापडतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना एक नवी गोष्ट रोज एकाच प्रसंगाला जोडून करायला सांगितली, उदाहरणार्थ नाश्त्यानंतर. अभ्यास ८४ दिवस चालला आणि २०१० मध्ये छापला गेला. कृती आपसूक व्हायला लागण्याचा मध्यक काळ निघाला ६६ दिवस. पण माणसामाणसांत फरक केवढा? १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत.

थांबा. अभ्यास ८४ दिवसांचा, मग २५४ कुठून आले? हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तुम्ही संशोधनाला तयार आहात. ते आकडे प्रत्येकाच्या नोंदींवर वक्र बसवून पुढचा अंदाज करून काढलेत, आणि तो वक्र ३९ जणांच्या बाबतीतच चांगला बसला. '६६ दिवसांत सवय लागते' असं वाक्य कुठे दिसलं, तर त्यामागे हे सगळं आहे. त्यातून घेण्यासारखं दोन गोष्टी: सवय दिवस मोजून लागत नाही, ती एका ठरलेल्या खुणेला बांधल्याने लागते. आणि मधला एखादा दिवस चुकला तर सगळं वाया जात नाही. वडगावचा भोंगा ही खूण, पोथीपुढचा दिवा हीसुद्धा खूणच.

ताईच्या घरी खूण ठरली अंथरूण टाकण्याची. अंथरूण पडलं की गोष्ट. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजी कुंकवाचा ठिपका लावायच्या.

घरी करायचं तर एवढं करा

१. वेळ घड्याळाची नको, प्रसंगाची ठरवा. जेवण झालं की, अंथरूण पडलं की, दिवेलागण झाली की. पाच मिनिटं पुरे.

२. वाचताना थांबा आणि विचारा. आजींची पद्धत ऐकून मला व्हाइटहर्स्ट आठवले. "शेळी कुठं चढलीया?" "पत्र्यावर." "पत्र्यावर चढताना आवाज कसा झाला आसंल?" "धडाधड!" "व्हय, धडाधड आवाज करत शेळी पत्र्यावर चढली. म्हण बघू तू." प्रश्न, उत्तराला दाद, त्यात थोडी भर, मग मुलाकडून पुन्हा. एवढंच ते तंत्र आहे.

३. तीच गोष्ट पुन्हा मागितली तर कंटाळू नका. २०११ मध्ये जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या मुलांना नवे शब्द जास्त लक्षात राहिले.

४. वाचता येत नसेल तर चित्रं दाखवून गोष्ट सांगा. बोलणं हाच कामाचा भाग असेल, तर अक्षरओळख नसलेली आजी कुठेच कमी पडत नाही.

५. पुस्तकांचा खर्च अडवत असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक बघा. १९७१ पासून ते निघतंय. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी मोफत मिळतात. मोबाइलवर वाचावं लागलं तर मोबाइल मोठ्यांच्या हातात असू द्या.

आणि अपेक्षा कुठली ठेवायची नाही, तेही सांगते. ऐकून ऐकून मूल आपोआप अक्षरं वाचायला लागेल, असं नाही. मेरी अ‍ॅन इव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबिन यांनी २००५ मध्ये मुलांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. गोष्ट ऐकताना मुलं जवळजवळ पूर्ण वेळ चित्रं बघतात, अक्षरांकडे क्वचितच. कॅनडात मोनिक सेनेशल आणि जो-अ‍ॅन लेफेव्हर यांनी १६८ मुलांचा पाच वर्षं पाठपुरावा केला. गोष्टी ऐकण्याचा संबंध शब्दसंग्रहाशी आणि ऐकून समजण्याशी दिसला. अक्षरवाचनाशी संबंध दिसला तो पालकांनी अक्षरं मुद्दाम शिकवण्याचा. म्हणून अधूनमधून ओळीखाली बोट फिरवा, एखादं अक्षर दाखवा, पण गोष्टीची शिकवणी करू नका.

याचा अभ्यास तुम्ही कसा कराल?

आता तयारी करणाऱ्यांसाठी. समजा तुम्हाला मोहित्यांचे वडगावसारख्या उपक्रमाचा मुलांच्या भाषेवरचा परिणाम अभ्यासायचाय. आराखडा लिहायच्या आधी या चार प्रश्नांवर एकेक पान लिहा.

पहिला, तुलना कुणाशी? भोंग्याआधी आणि भोंग्यानंतर एवढंच मोजलं, तर वर्षभरात मुलं वयानेही वाढली, त्याचं काय? शेजारचं गाव घेतलं, तर असा निर्णय एकमताने घेणारं गाव मुळातच वेगळं नसेल कशावरून?

दुसरा, एकक कुठलं? एका गावातली ३०० मुलं तपासली तरी निर्णय घेणारं गाव एकच. भोंगा मुलाला दिलेला नाही, गावाला दिलाय. गावं वाढवल्याशिवाय नमुना वाढत नाही. इथे बरेच प्रबंध घसरतात.

तिसरा, वाचन मोजणार कसं? 'रोज वाचून दाखवता का?' असं विचारलं तर बहुतेक जण हो म्हणणार. त्यावर एक जुनी युक्ती आहे. बालपुस्तकांच्या खऱ्या नावांत काही बनावट नावं मिसळायची आणि ओळखीच्या नावांवर खूण करायला सांगायचं. बनावट नावांवरच्या खुणा वजा केल्या की अंदाज बराच प्रामाणिक होतो. मराठी पुस्तकांची अशी यादी नीट चाचणी करून बनवणं हाच एम.ए. किंवा एम.एस्सी.चा छान प्रकल्प होईल.

चौथा, परिणाम कुठला मोजणार? 'असर'च्या पाहणीत मूल अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी मोठ्याने वाचतं. ती चाचणी वाचता येण्याची आहे. ऐकण्याचा फायदा आधी शब्दसंग्रहात आणि समजण्यात दिसण्याची शक्यता जास्त. चुकीच्या ठिकाणी मोजलं, तर खरा परिणामही शून्य दिसेल.

आणि या चौघांच्याही आधी परवानगी. पालकांची लेखी, मुलाची तोंडी. ज्या घरात पुस्तक नाही त्या घरातून लाज देऊन बाहेर पडायचं नाही, हा नियम कुठल्या फॉर्मवर छापलेला नसतो. मी तो ताईच्या स्वयंपाकघरात शिकले.

ताईला काय सांगितलं?

दिवाळीनंतर गेले तेव्हा कॅलेंडर बघितलं. सप्टेंबर जवळजवळ भरलेला. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत मोठी मोठी भगदाडं, कारण सगळं घर बागेत. नोव्हेंबरात ठिपके पुन्हा सुरू. काही ठिपके निळ्या पेनचे होते. ते ताईचे, रात्रपाळी नसलेल्या दिवसांचे.

भाच्याची भाषा यामुळे सुधारली का? मला माहीत नाही, आणि एका मुलावरून ते कुणालाच सांगता येणार नाही. तो पाच वर्षांचा झालाय, भाषा तशीही वाढलीच असती. हे मी ताईला असंच्या असं सांगितलं. हेही सांगितलं, की परिणाम लहान असू शकतो, पण खर्च पाच मिनिटांचा आहे आणि तोटा काही नाही. गेलेल्या चार वर्षांत तू त्याच्याशी जे बोललीस ते कुठल्याच गुणाकारात धरलेलं नव्हतं, हेही सांगितलं.

ती म्हणाली, "हे तेव्हाच सांगायचं होतंस की."

त्यामुळे तुम्हाला आज गृहपाठ एकच. शिक्षण, आरोग्य, शेती, कुठल्याही विषयावरचा 'संशोधन सांगतं' असा एक दावा निवडा. मूळ निबंध शोधा. आकडा कसा काढला आणि तुलना कुणाशी केली, एवढी दोनच उत्तरं वहीत लिहा. मगच तो दावा घरी जेवताना बोला.

मी हे लिहितेय तेव्हा तासगावात अंथरूण पडायची वेळ झालीय. चित्रपुस्तक दहा पानांचं, एका बसणीत संपणारं. तरीही पोथीतलं एक मोरपीस आता त्यात असतं. भाच्याला ते तिथे लागतंच.